ताई, पुन्हा वहिनीच!

काल रात्री अकराला तुझा फोन आला. "ताई, पुन्हा वहिनीच गं," एवढं बोललीस आणि रडू लागलीस. मालिकेसाठी तीन ऑडिशन झाल्या, लूक टेस्ट नायिकेच्या साडीत झाली, आणि शेवटी पदरात काय पडलं, तर नायिकेची वहिनी. मी फोनवर फारसं बोलले नाही. रडताना ऐकलेलं डोक्यात शिरत नाही. आज सकाळी चहा घेऊन निवांत लिहायला बसले आहे. पटेल ते घे, नाही पटणार ते सोडून दे, पण शेवटपर्यंत वाच.

मला या क्षेत्रात तीस वर्षं होत आली. नायिका मी एकदाच झाले, राज्य नाट्य स्पर्धेतल्या आमच्या गावच्या नाटकात. त्यानंतर आई, मावशी, नणंद, शेजारीण, नर्स, मुख्याध्यापिका, मोलकरीण, सरपंचबाई अशी सगळी रूपं झाली. मुंबईत आल्यावर पहिली चार-पाच वर्षं मी फक्त वाट पाहिली. मिळालेलं काम करायचे, पण मन तिथे नसायचं. खरं काम पुढे येणार आहे आणि तोवर हे चालवून घ्यायचं, असं मला वाटायचं. त्या वर्षांत मी काही शिकले नाही, पैसे साठवले नाहीत, आणि चांगल्या माणसांच्या शेजारी उभी असूनही त्यांच्याकडे नीट पाहिलं नाही. त्याची हळहळ आजही वाटते. तुझं तसं होऊ नये म्हणून हे लिहिते आहे.

मला सांगायचंय ते एवढंच, वाट पाहणं सोड. सहायक भूमिकेला मुख्य भूमिकेच्या दारातलं बाकडं समजून तिथे बसून राहू नकोस. हा आपला व्यवसाय आहे. तो शिकून घे, नीट चालव आणि त्यावर आपलं घर उभं कर.

शिकून घे म्हणजे काय, ते माझ्यावर गुदरलेल्या प्रसंगातून सांगते.

व्यावसायिक नाटकातलं माझं पहिलं काम रिप्लेसमेंटचं होतं. मूळ भूमिका करणाऱ्या बाई बाळंतपणाला गेल्या होत्या. काम मोलकरणीचं, वाक्यं मोजून अकरा. दुसऱ्या अंकात घरातले अण्णा मुलाच्या पत्राविषयी बोलता बोलता मोडून पडतात. तेव्हा मी पाण्याचं भांडं घेऊन यायचं, त्यांना द्यायचं आणि आत जायचं. मी तसंच करत होते. यायचे, भांडं ठेवायचे, विंगेत परत. सातव्या-आठव्या प्रयोगानंतर अण्णांचं काम करणारे ज्येष्ठ नट आरशासमोर मेकअप उतरवत बसले होते. मला हाक मारून म्हणाले, "बाळ, तू पाणी वेळेवर आणतेस. पण मी काय बोलतो ते तुझ्या कानावरच पडत नाही. घरात राबणाऱ्या बाईला हे कळणार नाही का?"

त्या रात्री झोप आली नाही. पुढच्या प्रयोगाला मी एन्ट्रीच्या बरीच आधी विंगेत जाऊन उभी राहिले आणि त्यांचं सगळं बोलणं पहिल्यांदा ऐकलं. मनात आलं, या घरात ही बाई पंधरा वर्षं भांडी घासतेय. तो मुलगा तिच्यासमोर लहानाचा मोठा झाला असणार. कधीतरी त्याला तिनेच जेवू घातलं असणार. मग मी आत गेले तेव्हा पावलं आपोआप हळू पडली. भांडं खाली ठेवलं नाही, त्यांच्या हातात दिलं. त्यांचा हात थरथरत होता म्हणून खालून आधार दिला आणि त्यांनी घोट घेईपर्यंत तिथेच थांबले. दोन-तीन सेकंदच झाले असतील. सगळं प्रेक्षागृह चिडीचूप होतं. टाळी त्यांना मिळाली, आणि ती त्यांचीच होती. पण त्यानंतर नाटक बंद होईपर्यंत, त्या जागी आले की ते माझ्याकडे एकदा बघायचे आणि मगच पाणी प्यायचे.

आपलं काम बरंचसं ऐकण्याचं आहे. समोरचा बोलतो ते खरं वाटावं म्हणून ते कुणीतरी खरोखर ऐकावं लागतं. आणि दुसरी बाजूही लक्षात ठेव. त्या जागी मी हुंदका दिला असता, पदर डोळ्याला लावला असता, तर प्रेक्षकांची नजर माझ्याकडे वळली असती आणि प्रसंग अण्णांच्या हातून निसटला असता. आपण किती करायचं यापेक्षा कुठे थांबायचं हे समजायला मला जास्त वर्षं लागली.

कॅमेऱ्यासमोर हेच काम वेगळ्या तऱ्हेने करावं लागतं. मास्टर शॉट झाला, तुझा क्लोज झाला की लगेच खोलीकडे पळू नकोस. नायिकेचा क्लोज लागतो तेव्हा कॅमेऱ्याच्या बाजूला उभी राहून तिला क्यू दे, आणि तो तुझ्या क्लोजमध्ये बोललीस तितकाच जीव ओतून दे. पुष्कळ जण क्यू सहायक दिग्दर्शकावर सोपवून निघून जातात. तो बिचारा कागदात बघून वाचतो आणि समोरच्या मुलीला भिंतीशी बोलल्यासारखं रडावं लागतं. सजेशनला उभं राहावं लागलं, नुसता खांदा फ्रेममध्ये असला, तरी खांद्यातून जीव जाऊ देऊ नकोस. खांदा ऐकत नसेल तर तेही दिसतं. कंटिन्यूटी आपली आपण सांभाळ. पदर कोणत्या खांद्यावर, बांगड्या किती, चहाचा कप कोणत्या वाक्याला उचलला, हे वहीत टिपून ठेव. मालिकेत दिवसाला इतके सीन होतात की ज्या नटीमुळे रिटेक होत नाही तिचं नाव युनिट विसरत नाही. मला पुढची अर्धी कामं कॅमेरामन आणि सहायक दिग्दर्शकांनी सुचवल्यामुळे मिळाली आहेत.

आता वहिनीकडे ये. कागदावर तिच्याविषयी काही लिहिलेलं नाही, अशी तुझी तक्रार आहे. लिहिलेलं नसेलच. लेखकाला रोज एक एपिसोड द्यायचा असतो, तो नायिकेच्या मागे धावतो. म्हणून वहिनी तू भर. तिचं माहेर कुठलं? तिच्या हातात स्वतःचे पैसे किती येतात? या घरात ती कुणाला भिते आणि कुणाची तिला कणव येते? जेवायला ती सगळ्यांबरोबर बसते की सर्वांचं झाल्यावर? एवढं ठरवलंस तरी तुझं उठणं-बसणं बदलेल. मात्र हे सगळं दिग्दर्शकाला ऐकवत बसू नकोस. करून दाखव.

दुय्यम कामं करणाऱ्यांचं नाव होत नाही, असं तू म्हणालीस. आपल्या घरातल्याच मोठ्या बायकांकडे बघ ना. ललिता पवार मूळच्या येवल्याच्या. मूकपटाच्या काळापासून पडद्यावर होत्या, नायिका होत्या. 1942 साली चित्रीकरणात थोबाडीत मारण्याच्या प्रसंगात हात इतका जोरात बसला की त्यांच्या चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली. सुमारे तीन वर्षं उपचार चालले, तरी डावा डोळा पूर्वीसारखा झाला नाही. नायिकेचं आयुष्य तिथे संपलं. त्यानंतर त्याच डोळ्यानिशी त्यांनी जे उभं केलं ते आज आपल्याला ठाऊक आहे. 'अनाडी'तली वरून करडी आणि आतून मायाळू मिसेस डिसा करून त्यांनी सहायक अभिनेत्रीचं फिल्मफेअर मिळवलं, आणि 1987 मध्ये 'रामायण' मालिकेत मंथरा केली. अपघातापासून मंथरेपर्यंत 45 वर्षं. नायिका म्हणून इतकी वर्षं कुणाला मिळाली असती?

रीमाताई लागूंचं उदाहरण तुझ्या जास्त उपयोगाचं आहे, कारण वहिनीनंतर आईच करावी लागेल ही तुझी खरी भीती आहे. 'मैंने प्यार किया' आला तेव्हा त्या 31 वर्षांच्या होत्या आणि पडद्यावरचा त्यांचा मुलगा सलमान खान त्यांच्याहून जेमतेम सात वर्षांनी लहान. 'वास्तव'मध्ये त्या संजय दत्तची आई झाल्या. तो तर वर्षभरानेच धाकटा. पण नुसती आई म्हणून त्या उरल्या नाहीत. रंगभूमीवर जयवंत दळवींचं 'पुरुष' केलं, छोट्या पडद्यावर 'तू तू मैं मैं'मधली भांडकुदळ सासू अशी रंगवली की घराघरात लोक पोट धरून हसले. एका बाजूला छाप बसत होती, तर दुसऱ्या बाजूला त्या ती मोडणारं काम करत राहिल्या. आणि हे ध्यानात ठेव, सुरुवातीची सुमारे दहा वर्षं त्या युनियन बँकेत नोकरी करत होत्या. घरभाड्याची चिंता नसलेली नटी भूमिका निवडताना ताठ मानेने बसू शकते.

रोहिणीताई हट्टंगडींनी 'गांधी'त कस्तुरबा केल्या, तरुणपणापासून म्हातारपणापर्यंत. त्यासाठी 1983 मध्ये त्यांना सहायक अभिनेत्रीचा बाफ्टा मिळाला. पुढे 'सारांश'मध्ये तिशीच्या आसपास असताना मुलगा गमावलेली म्हातारी आई केली. आपल्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत सहायक अभिनेत्रीसाठी वेगळा पुरस्कार 1984 च्या चित्रपटांपासून सुरू झाला. म्हणजे पुरस्कार सुरू होऊन तीस वर्षं झाल्यावर या कामाला स्वतंत्र जागा मिळाली. त्या जागेवर पहिलं नाव लागलं ते रोहिणीताईंचं, 'पार्टी' या चित्रपटासाठी. मला याचा फार अभिमान वाटतो.

आणि सुलभाताई देशपांडे. छबिलदास शाळेतल्या शिक्षिका. 1967 मध्ये 'शांतता! कोर्ट चालू आहे'मधली बेणारेबाई करून त्या मराठी रंगभूमीच्या इतिहासात नोंदल्या गेल्या. एवढी मोठी मुख्य भूमिका नावावर असताना त्यांनी पुढे चित्रपटांत आई, आजी, शेजारीण अशी लहान-लहान कामं किती मन लावून केली! 'इंग्लिश विंग्लिश'मधली त्यांची सासू पुन्हा एकदा बघ. सुनेला धीर देणारी ती म्हातारी थोडाच वेळ दिसते, पण त्या घरात नायिकेला एक आसरा आहे हे तिच्यामुळेच पटतं. भूमिकेची लांबी बघून सुलभाताईंनी कामाची प्रत कधी कमी केली नाही.

आता व्यवसायाचं बोलू. इथे मी जरा कडक होणार आहे, कारण इथे मी स्वतः पोळले आहे.

एका मालिकेत मी 22 दिवस काम केलं. करार नंतर करू, असं निर्मितीच्या माणसाने गोड बोलून सांगितलं. एक दिवस माझं पात्र गावाला गेलं आणि परत आलंच नाही. पैसे मागायला गेले तर कागद दाखवा म्हणाले. कागद माझ्याकडे नव्हता. ते पैसे बुडाले, आणि त्या महिन्याचं भाडं मी आईची पाटली गहाण ठेवून भरलं. तेव्हापासून सहीशिवाय मी मेकअपच्या खुर्चीत बसत नाही.

उद्या करार हातात येईल तेव्हा इतकं बघ. पर डे किती? महिन्याला किमान किती दिवसांची हमी आहे? शिफ्ट किती तासांची, आणि वर गेली तर काय? येण्या-जाण्याचं कोण बघणार? विशेषतः रात्री पॅकअप झालं तर गाडी मिळणार का? दुसऱ्या वाहिनीवर काम करायला बंदी आहे का, आणि असेल तर किती काळ? पैसे कधी? बहुतेक ठिकाणी 90 दिवसांनी मिळतात, म्हणजे आज कॅमेऱ्यासमोर उभी राहिलीस तर पहिला चेक येईपर्यंत तीन महिने तुला स्वतःच्या पैशांवर काढायचे आहेत. ती तयारी आहे का ते आधी बघ. कोऑर्डिनेटरचं कमिशन किती आणि कशावर, तेही लिहून घे. काम देण्यासाठी आधी पैसे मागणाऱ्याला दारातूनच परत पाठव.

एक वही कर. तारीख, ठिकाण, काम, ठरलेली रक्कम, हातात आलेली रक्कम, कापलेला टीडीएस, असे रकाने आख. नाटकाच्या नाइटचे पैसे प्रयोगानंतर पाकिटात मिळतात, तेही त्याच रात्री टीप. साधारण 10 टक्के टीडीएस कापला जातो. वर्षाचं उत्पन्न कमी असेल तर विवरणपत्र भरून तो परत मिळतो, पण कितीतरी मुली विवरणपत्र भरतच नाहीत आणि स्वतःच्या घामाचे पैसे सोडून देतात. सहा महिन्यांचा खर्च वेगळ्या खात्यात साठेपर्यंत नवा मोबाइल नको, गाडीचा हप्ता तर नकोच. मालिका चालू आहे म्हणून घराचं कर्ज काढलेल्या माझ्या दोन मैत्रिणी मालिका अचानक बंद झाल्यावर फार हाल सोसून बाहेर पडल्या. आरोग्य विमा आजच काढ. आपल्याला आजारपणाची पगारी रजा नाही.

आणि शनिवार-रविवार नाटकाचे असतात हे करार करतानाच सांग. प्रयोगांच्या तारखा आधी लेखी दे. काही ठिकाणी नाक मुरडतील, पण नाटक सोडू नकोस. मालिकेत आपल्या चुका संकलनात झाकल्या जातात. यशवंत नाट्यमंदिरात किंवा गडकरी रंगायतनला तिसरी घंटा झाली की झाकणारं कुणी नसतं. आवाज, श्वास, हजरजबाबीपणा, सगळं तिथेच घासून लख्ख राहतं. दौऱ्याच्या गाडीत सहा तास बसून उतरल्यावर दोन तासांत उभं राहायचं बळही तिथेच येतं.

एक गोष्ट थोडक्यात सांगते, कारण तू हे विचारायला लाजशील. भूमिकेविषयी बोलणी ऑफिसात, दिवसा, आणि बरोबर कुणीतरी असताना. कायद्याने सेटही कामाची जागा आहे आणि 2013 च्या लैंगिक छळविरोधी कायद्यानुसार दहा किंवा अधिक माणसं काम करतात तिथे तक्रार समिती असलीच पाहिजे. कुणी मर्यादा सोडली तर त्याच दिवशी मला फोन कर, वेळ बघू नकोस. काम गेलं तरी चालेल. दुसरं आपण मिळवू.

आणि त्या मुलीचं काय, जिला तुझी भूमिका मिळाली? तिच्यावर राग धरू नकोस. बावीस वर्षांची पोर आहे. रोज बारा तास ती प्रत्येक सीनमध्ये असेल, टीआरपी घसरला की बोलणी तिला बसतील. पहिल्या आठवड्यात ती वाक्यं विसरेल, घाबरेल. तेव्हा तिच्याजवळ जाऊन, दोघींनी एकदा वाक्यं म्हणून बघू, एवढंच म्हण. पडद्यावर नणंद-भावजयीचं नातं दिसायचं असेल तर त्याची सुरुवात इथून होते.

मी नायिका झाले असते तर काय झालं असतं, हा विचार पूर्वी मला छळायचा. हल्ली येत नाही. मागच्या महिन्यात साताऱ्याला प्रयोगानंतर एक बाई मेकअपरूमच्या दाराशी थांबल्या होत्या. माझं नाव त्यांना ठाऊक नव्हतं. माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "तुम्ही मुलाला ताट वाढता ना, तिथे मला माझी आई दिसली." एवढं बोलून त्या गेल्या. त्या रात्री परतीच्या गाडीत मी अगदी समाधानाने झोपले.

तेव्हा करार नीट वाच, शंका असेल तिथे खूण करून मला पाठव, आणि अटी पटल्या तर होकार कळव. पहिल्या दिवशी कॉल टाइमच्या पंधरा मिनिटं आधी पोच. वहिनीचं माहेर कुठलं ते एकदा ठरव, आणि ठरलं की रात्री अकरा वाजले असले तरी मला फोन कर. मी जागी असेन.